पाऊस अडवलेलं एक हेक्टर: तापाजोसच्या वर्षावनातलं दुष्काळाचं प्रकरण

ब्राझीलच्या पारा राज्यात, सांतारेंहून दक्षिणेला जाणाऱ्या बीआर-१६३ महामार्गावर ६७व्या किलोमीटरजवळ तापाजोस राष्ट्रीय वनातलं एक पठार आहे. इथलं सदाहरित जंगल दरवर्षी पाच-सहा महिने तुटपुंज्या पावसावर काढतं आणि त्या काळात पिवळं पडण्याऐवजी नवी पालवी काढतं. याच पठारावर परिसंस्थाशास्त्रज्ञ डॅनियल नेपस्टॅड यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने १९९८ च्या सुमारास प्रत्येकी एक हेक्टरचे दोन तुकडे आखले. वर्षभर दोन्हींची मोजमापं घेतली आणि २००० पासून एका तुकड्यावरचा पाऊस जमिनीला लागण्याआधीच अडवायला सुरुवात केली. दुसऱ्या तुकड्यावर नेहमीचा पाऊस पडू दिला.

दरवर्षीचा कोरडा ऋतू हसतखेळत काढणारं हे जंगल दुष्काळात का मरतं, कधी मरतं आणि त्यातलं कोणतं झाड आधी मरतं, हे या एका हेक्टरवरून फार स्पष्ट दिसतं. आकाशातून किती पाऊस पडला यावरून वर्षावनाची अवस्था ओळखता येत नाही. जमिनीत किती खोलवर किती ओल उरली आहे यावरून ती ओळखता येते, आणि या दोन गोष्टींमध्ये कित्येकदा दोन-तीन वर्षांचं अंतर पडतं.

जागा

वर्षाचा पाऊस सरासरी २,००० मिमी. त्यातला बराचसा डिसेंबरअखेर ते जून या काळात पडतो. जुलैपासून महिन्याचा पाऊस १०० मिमीच्या खाली जातो. ॲमेझॉनमध्ये हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण जंगल दिवसाला साधारण ३ ते ४ मिमी पाणी हवेत सोडतं, म्हणजे महिन्याला १०० मिमीच्या आसपास. पाऊस त्याहून कमी झाला की फरक जमिनीतून भरून काढावा लागतो.

माती जुनी, खोल आणि चिकण आहे. तिच्यात ६० ते ८० टक्के चिकणमाती आहे. भूजलाची पातळी १०० मीटरहून खोल असल्यामुळे झाडांची मुळं तिथवर पोचतच नाहीत. ही गोष्ट या प्रकरणात कळीची आहे. इथल्या झाडांना नदीचं किंवा भूजलाचं पाणी मिळत नाही. मातीच्या वरच्या दहा-बारा मीटरांत पावसाने जी ओल भरली, तेवढीच त्यांची. पर्णछत्राची उंची ४० मीटरच्या आसपास आहे आणि काही उंचाडी झाडं ५५ मीटरपर्यंत जातात.

कोरडा ऋतू म्हणजे दुष्काळ नव्हे

इथे बहुतेकांची पहिली चूक होते. जुलै-ऑगस्टमध्ये पानगळ वाढते, जमिनीवर पालापाचोळ्याचा थर साचतो आणि पाहणाऱ्याला वाटतं की झाडं पाण्याअभावी पानं टाकताहेत. प्रत्यक्षात त्याच आठवड्यांत बऱ्याच झाडांच्या शेंड्यांवर नवी फूट येत असते.

याचं कारण प्रकाश. पावसाळ्यात आकाश ढगाळ असतं. पाणी मुबलक, ऊन कमी. कोरड्या ऋतूत ऊन भरपूर मिळतं. खोल ओल शाबूत असेल तर झाडाच्या दृष्टीने हाच कमाईचा काळ, म्हणून ते जुनी, थकलेली पानं टाकून नवी पानं उन्हासमोर धरतं. पानाची कार्बन घेण्याची क्षमता त्याच्या वयावर ठरते. अगदी कोवळं पान अजून पूर्ण तयार नसतं, अर्धं वर्ष उलटलेलं पान मंदावलेलं असतं, आणि मधल्या काही महिन्यांचं पक्व पान सर्वांत जास्त काम करतं. कोरड्या ऋतूच्या मध्यावर पर्णछत्रात अशा पक्व पानांचा वाटा वाढतो. पानांची एकूण संख्या तेवढीच राहते, पण ती पानं जास्त कामाची असतात.

६७व्या किलोमीटरजवळच्या मनोऱ्यावर २००१ पासून जंगल आणि हवा यांच्यातली कार्बनची देवाणघेवाण मोजली जाऊ लागली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी तेव्हाच्या संगणकीय प्रारूपांना चांगलाच धक्का दिला. कोरड्या ऋतूत जंगल कार्बन गमावेल असा प्रारूपांचा अंदाज होता. मोजमापांत उलट दिसलं: कोरड्या ऋतूत जंगल कार्बन साठवत होतं आणि पावसाळ्यात गमावत होतं, कारण ओल्या पालापाचोळ्याचं कुजणं पावसाळ्यात जोरात चालतं. प्रारूपांत धरलेली मुळं फार उथळ होती, म्हणून त्यातली झाडं कोरड्या ऋतूत लगेच तहानायची.

खरी मुळं किती खोल जातात याचा अंदाज पारा राज्यातल्याच पारागोमिनासच्या कामातून १९९४ मध्ये आला होता. तिथे खणलेल्या खड्ड्यांत ८ मीटरच्याही खाली, थेट १८ मीटरपर्यंत मुळं सापडली. एवढ्या खोलीवर ती विरळ असतात, पण कोरड्या ऋतूत तीच कामाला येतात.

तापाजोसमध्ये आणखी एक बारीक गोष्ट टिपली गेली. कुसारेआ रासेमोसा, मानिलकारा ह्युबेरी आणि प्रोतियम रोबस्टम या तीन जातींच्या मुळांमध्ये रसप्रवाह मोजणाऱ्या सुया बसवल्या होत्या. मधली सुई क्षणभर गरम करायची आणि तिच्या वरच्या व खालच्या अंगाला, सारख्याच अंतरावर असलेल्या दोन सुयांपैकी कोणती किती तापली ते पाहायचं. दोन्हींच्या तापमानवाढीच्या गुणोत्तरावरून पाणी कोणत्या दिशेने आणि किती वेगाने चाललं आहे ते कळतं. साध्या उष्णतामापनाने वेग कळतो, दिशा कळत नाही. म्हणून ही पद्धत इथे अपरिहार्य होती. कोरड्या ऋतूत रात्री, पर्णरंध्रं (पानांवरची हवा-वाफेची सूक्ष्म छिद्रं) मिटलेली असताना, आडव्या उथळ मुळांमधून पाणी खोडाकडे येण्याऐवजी खोडापासून मातीकडे जाताना दिसलं. खोल मुळाने ओढलेलं पाणी रात्रभर वरच्या कोरड्या मातीत पाझरत होतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरलं जात होतं. पावसाळ्यात सर आल्यावर याच्या उलट घडायचं: वरच्या ओल्या थरातलं पाणी मुळांवाटे खोल मातीत उतरायचं. म्हणजे जंगल जमिनीत ओल साठवण्याच्या कामालाही हातभार लावतं.

उपग्रहावरून हा ऋतुबदल पाहणाऱ्यांनी एक धोका लक्षात ठेवायला हवा. मोडिस उपग्रहसंवेदकाच्या चित्रांत कोरड्या ऋतूत ॲमेझॉन जास्त हिरवं दिसतं, आणि २००५ च्या दुष्काळातही ते हिरवंच झालं असं म्हटलं गेलं होतं. त्या हिरवेपणाचा मोठा भाग सूर्याचा आणि संवेदकाचा कोन ऋतूनुसार बदलल्याने आणि हवेतल्या धूर-ढगांच्या अपुऱ्या गाळणीमुळे आलेला असू शकतो, हे नंतरच्या तपासण्यांनी दाखवलं. पालवीचा ऋतू खरा आहे, मनोरे आणि त्यांवरचे कॅमेरे तो दाखवतात. पण निव्वळ उपग्रहाच्या हिरव्या रंगावरून जंगल दुष्काळात सुखरूप आहे असं ठरवणं मला धोक्याचं वाटतं.

पाऊस अडवला कसा

मांडणी कल्पनेला सोपी होती, पण चालवायला अतिशय कष्टाची. लाकडी चौकटींवर प्रकाश आरपार जाऊ देणारं प्लास्टिक ताणून प्रत्येकी ३ मीटर × ०.५ मीटर मापाचे ५,६६० पत्रे केले गेले. त्यांचं एकूण क्षेत्रफळ होतं ८,४९० चौरस मीटर. ते जंगलाच्या तळाशी, पर्णछत्राच्या खूप खाली, उतार देऊन बसवले. पत्र्यांवरचं पाणी प्लास्टिकचं अस्तर दिलेल्या लाकडी पन्हळींत पडायचं आणि तिथून तुकड्याच्या बाहेर वाहून जायचं. तुकड्याभोवती १ ते १.७ मीटर खोल चर खणला होता, म्हणजे बाजूच्या ओल्या मातीतून पाणी आत झिरपू नये आणि उथळ मुळांनी बाहेरचं पाणी ओढू नये.

चर खणताना मुळं तुटतात. तेवढ्यानेच झाडं खंगली तर दोष दुष्काळाला लागेल. म्हणून पाऊस न अडवलेल्या तुकड्याभोवतीही तसाच चर खणला. पूर्ण प्रयोगातली ही सर्वांत शहाणपणाची पायरी, आणि अशा कामांत तीच सर्वांत आधी गाळली जाते.

पत्र्यांवर पालापाचोळा पडत राहतो. तो तिथेच राहिला तर जमिनीला अन्नद्रव्यं मिळत नाहीत आणि झाडं उपासमारीने मागे पडली की पाण्याअभावी, ते सांगता येत नाही. यासाठी दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक पत्रा हाताने कडेवर उलटून पाला खाली सोडला जायचा. ५,६६० पत्रे, पावसाळाभर. कोरड्या ऋतूत पत्रे काढून ठेवले जात, म्हणजे तळाच्या हवेवर आणि उष्णतेवर त्यांचा परिणाम कमीत कमी राहील.

एवढं करूनही सगळा पाऊस अडत नाही. खोडाभोवतीच्या मोकळ्या जागा, पत्र्यांमधल्या फटी आणि खोडावरून ओघळत येणारं पाणी यांना आळा घालता येत नाही. पावसाळ्यात पर्णछत्रातून खाली येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ६० टक्के अडवलं गेलं, म्हणजे वर्षाच्या एकूण पावसाच्या साधारण ३५ ते ४१ टक्के.

जमिनीतली ओल मोजण्यासाठी प्रत्येक तुकड्यात खोल विहिरीसारखे खड्डे खणले आणि त्यांच्या भिंतींत वेगवेगळ्या खोलींवर ओलावा मोजणारे संवेदक बसवले. वाचनं ११ मीटरपर्यंतची होती. बहुतेक वनप्रयोगांत ओल एखाद-दोन मीटरपर्यंतच मोजली जाते. तसं इथे केलं असतं तर पुढचा सगळा घटनाक्रम गूढ वाटला असता.

काय घडलं, कोणत्या क्रमाने

पहिल्या वर्षी नजरेला जवळजवळ काहीच दिसलं नाही. पर्णछत्र भरलेलं होतं, मर वाढलेली नव्हती. पण खोडांचा घेर मोजणाऱ्या धातूच्या पट्ट्या वेगळं सांगत होत्या. लाकडाची वाढ पहिल्याच वर्षी १३ टक्क्यांनी घटली आणि पुढच्या वर्षांत ही घट ६२ टक्क्यांपर्यंत गेली. टंचाईची चाहूल लागली की झाड सर्वांत आधी खोड जाड करणं थांबवतं. पानं आणि बारीक मुळं ही रोजच्या कमाईची साधनं, त्यांचा खर्च ते शेवटपर्यंत चालू ठेवायला बघतं. पालापाचोळ्याच्या वजनात फरक त्यामुळेच उशिरा आणि कमी दिसला. मातीतून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये तर ठळक फरक आढळलाच नाही.

मर वाढायला दोन वर्षांहून जास्त काळ का लागला, हे गोळाबेरजेच्या हिशेबाने समजतं. वर्षाला २,००० मिमी पाऊस धरा. त्यातला साधारण दहावा हिस्सा, २०० मिमी, पानांवरूनच परस्पर उडून जातो. उरलेले १,८०० मिमी मातीत येतात. झाडांची वर्षाची गरज १,००० मिमीच्या आसपास धरली तर नेहमीच्या वर्षी ८०० मिमी पाणी जास्तीचं असतं. ते खोल थर भरून खाली निघून जातं. आता पत्र्यांनी ७५० मिमी अडवलं तर मातीत येतात १,०५०. वर्षाच्या बेरजेत गरज भागल्यासारखी दिसते. पण हे पाणी एकदम पावसाळ्यात येतं, त्यातलं काही मुळांच्या आवाक्यातून सुटून खाली जातं आणि खोल थर पुन्हा काठोकाठ भरायला काही उरत नाही. दरवर्षी थोडी थोडी तूट पडते. आधी वरचे थर रिते होतात, मग खालचे. तिसऱ्या कोरड्या ऋतूत झाड खोल मुळाने ओढायला जातं तेव्हा तिथेही पाणी घट्ट धरून बसलेली माती उरलेली असते.

चिकणमातीचं हे वैशिष्ट्य विसरू नये. तिच्यात पाणी भरपूर दिसतं, पण त्यातला मोठा भाग अतिसूक्ष्म पोकळ्यांत इतका घट्ट असतो की मुळाला तो सोडवता येत नाही. संवेदकाने ओलावा २५ टक्के दाखवला म्हणून झाडाला पाणी आहे असं होत नाही. त्यातलं ओढता येण्याजोगं किती, हे त्या मातीसाठी वेगळं काढावं लागतं.

मर मोजली गेली ती ३.२ वर्षांनंतर. २ सेंमीहून जाड सगळ्या खोडांचा एकत्रित हिशेब केला तर पाऊस अडवलेल्या तुकड्यात मृत्युदर ३८ टक्क्यांनी जास्त निघाला. हा आकडा ऐकायला सौम्य वाटतो. जाडीनुसार वेगळा केला की खरं चित्र उघडतं. छातीच्या उंचीवर १० ते ३० सेंमी जाड झाडांत मृत्युदर दुप्पट झाला होता, ३० सेंमीहून जाड झाडांत साडेचार पट. बारक्या रोपट्यांवर परिणाम कमी होता. मोठ्या झाडांमध्ये जंगलाच्या जमिनीवरच्या जैवभाराचा (झाडापाल्याच्या एकूण वजनाचा) ९० टक्के भाग असतो, त्यामुळे पाऊस अडवलेल्या तुकड्यातला मृत जैवभार दुसऱ्या तुकड्याच्या ३.४ पट झाला. नव्या रोपांच्या भरतीने ही तूट भरून आली नाही.

वेलींचा निकाल अनपेक्षित होता. जाड काष्ठवेली कोरडे महिने असलेल्या उष्ण प्रदेशीय जंगलांत जास्त आढळतात, त्यामुळे त्या दुष्काळात तगतील असं वाटणं साहजिक होतं. तापाजोसमध्ये त्या झाडांपेक्षा आणि ताडवर्गीयांपेक्षा जास्त मेल्या. कोरडा ऋतू झेपणं आणि खोल ओल संपल्यावर तगणं, या दोन वेगळ्या क्षमता आहेत.

मोठीच झाडं आधी का वठतात

पानातून पाणी उडतं तेव्हा खालच्या पाण्यावर ओढ बसते. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात, त्यामुळे मुळापासून पानापर्यंतचा पाण्याचा स्तंभ ताणलेल्या दोरीसारखा वर ओढला जातो. नुसतं गुरुत्वाकर्षण पेलायला दर १० मीटर उंचीला साधारण ०.१ मेगापास्कल ताण लागतो, म्हणजे समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाएवढा. ४० मीटरच्या झाडात माती पूर्ण ओली असतानाही शेंड्यावर ०.४ मेगापास्कल ताण असतोच. खोडातून पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्यांतलं घर्षण त्यात मिळवायचं. माती कोरडी होत गेली की तिच्यातून पाणी सोडवायचा ताण आणखी वर चढतो.

एका मर्यादेपलीकडे नळीत हवा शिरते आणि ती नळी निकामी होते. काष्ठातल्या निम्म्या वहनक्षमतेचा नाश ज्या ताणाला होतो, तो आकडा प्रत्येक जातीचा वेगळा असतो. निकामी नळ्यांचा भार उरलेल्यांवर येतो, त्यांतला ताण वाढतो आणि त्याही फुटतात. हे चक्र सुरू झालं की नंतर आलेला पाऊस त्या झाडाला पुरेसा उपयोगी पडत नाही.

मोठ्या झाडाच्या बाबतीत सगळ्या अडचणी एकाच वेळी येतात. वाट लांब, शेंडा थेट उन्हात आणि वाऱ्यात, खालच्या झाडांपेक्षा हवा जास्त कोरडी, पानांचा पसारा मोठा. रोजची गरज जास्त, आणि ती खोल, विरळ मुळांनी भागवायची. बारकं झाड मोठ्यांच्या सावलीत असतं. त्याच्याभोवती हवा दमट असते आणि त्याची गरज थोडी असते.

झाडाकडे एक बचाव असतो: पर्णरंध्रं लवकर मिटणं. पण रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. मग झाड पाण्याअभावी मरतं की साठवलेली साखर-पिष्ट संपल्याने उपाशी मरतं, हा वाद बरीच वर्षं चालला. तो निकाली काढायला तापाजोसचा काळ अपुरा होता. उत्तर पाराच्याच काशिउआना राष्ट्रीय वनातून आलं. तिथे २००२ पासून एक हेक्टरवर पर्णछत्रातून येणारं निम्मं पाणी अडवलं जात होतं. माती रेताड, तापाजोसच्या अगदी उलट. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत दुष्काळी तुकड्यातल्या झाडांतला साखर-पिष्टाचा साठा नेहमीच्या झाडांइतकाच निघाला. मरणाऱ्या झाडांची वाढही मरण्याआधी मंदावलेली नव्हती. बिघाड होता तो पाणी वाहून नेणाऱ्या वाटेत, आणि तो मोठ्या झाडांत सर्वांत जास्त. पूटेरिया वंशातली झाडं तिथे विशेष बळी पडली.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. मरणारं झाड आधी खंगलेलं दिसेलच असं नाही. वाढ, पानांचा रंग, साठवलेलं अन्न ठीक असताना ते एका कोरड्या ऋतूत जाऊ शकतं.

या मांडणीतून काय कळत नाही

पत्र्यांनी माती कोरडी केली, हवा नाही. खऱ्या एल निनो वर्षात पाऊस कमी होतो तेव्हा आकाश निरभ्र असतं, तापमान चढतं आणि हवा पानांतून जास्त पाणी ओढते. पत्रे बसवलेल्या जंगलाच्या माथ्यावर मात्र नेहमीचीच पावसाळी हवा होती. म्हणून इथे दिसलेली मर ही केवळ मातीच्या कोरडेपणाची आहे, खरा दुष्काळ त्यात भर घालतो. दुसरी मर्यादा संख्येची: पाऊस अडवलेला एकच तुकडा आणि न अडवलेलाही एकच. एका हेक्टरमध्ये १० सेंमीहून जाड झाडं साधारण ५०० असतात. नेहमीचा मृत्युदर वर्षाला एक-दोन टक्के, म्हणजे वर्षाला पाच-दहा झाडं. त्यांत मोठी जेमतेम एक-दोन. एका वादळात एक महावृक्ष पडला तरी आकडा हलतो. दोन ठिकाणच्या, दोन टोकांच्या मातीत एकच क्रम दिसला, म्हणून निष्कर्ष भक्कम ठरतो.

खऱ्या हवेतली परीक्षा याच भागात २०१५-१६ च्या एल निनोने घेतली. सांतारेंभोवतीच्या प्रदेशात, जो ब्राझीलच्या ॲमेझॉनच्या अवघा १.२ टक्के आहे, दुष्काळ आणि आगींनी मिळून सुमारे २५० कोटी खोडं मेल्याचा अंदाज आहे. आग हा दुष्काळाचा पुढचा टप्पा असतो. मोठी झाडं वठली की छत्रात भगदाडं पडतात, ऊन तळाशी पोचतं, पालापाचोळा वाळतो, आणि एरवी पेट न घेणारं जंगल शेताच्या कडेने आलेल्या ठिणगीने पेटतं. कमी घनतेचं लाकूड आणि पातळ साल असलेली झाडं यात जास्त गेली.

काशिउआनाचा प्रयोग पुढे चालू राहिला आणि २२ वर्षांनंतरची मोजमापं २०२५ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या १५ वर्षांत तिथल्या जंगलाने जमिनीवरच्या जैवभाराचा एक तृतीयांशाहून जास्त भाग गमावला. मग ऱ्हास थांबला. झाडं कमी झाल्याने उरलेल्यांच्या वाट्याला येणारं पाणी वाढलं, आणि मागे राहिलेली झाडं शेजारच्या नेहमीच्या जंगलातल्या झाडांइतकीच पाण्याच्या बाबतीत निर्धास्त आढळली. याला जंगल सावरलं म्हणावं का, याबद्दल मी सावध आहे. ते जगलं, पण त्याचा ठेवा कमी होऊन जगलं, आणि त्या १५ वर्षांत त्याने कार्बन शोषण्याऐवजी हवेत सोडला.

हीच पाहणी दुसऱ्या जंगलात करायची असेल तर

ओल खोलीनुसार मोजा, आणि जमेल तितकी खोल. तीन मीटरच्या आत थांबलेली मोजणी कोरड्या ऋतूबद्दल सांगेल, दुष्काळाबद्दल नाही. पावसाळा संपताना खोल थर भरले का, हे वाचन वर्षातलं सर्वांत मोलाचं. एखादा पावसाळा कमी झाला तरी ते भरलेले असतील तर फार चिंता नको. दोन पावसाळे सलग भरले नाहीत तर तिसऱ्या कोरड्या ऋतूआधीच मोठ्या झाडांची यादी करून ठेवावी.

खोडावरची पट्टी बसवल्यावर सुरुवातीचे काही महिने सैल असते, त्या काळातली वाचनं वाढ म्हणून धरू नयेत. कोरड्या ऋतूत साल आणि काष्ठ पाणी गमावतात, खोड किंचित आक्रसतं आणि पट्टी उणी वाढ दाखवते. ती वाढ घटल्याची खूण नाही. तुलना नेहमी एका पावसाळ्याच्या शेवटाची पुढच्या पावसाळ्याच्या शेवटाशी करावी. आधारमुळं असलेल्या झाडांवर माप त्यांच्या वर घ्यावं आणि जागा रंगाने आखून ठेवावी, नाहीतर दर फेरीला माप सरकतं.

झाडाला खरोखर पाणी मिळतं आहे का, हे पहाटे, उजाडण्याआधी तोडलेल्या डहाळीवरून दाबकक्षात (हवेचा दाब देऊन डहाळीतल्या पाण्यावरची ओढ मोजणाऱ्या उपकरणात) मोजलेला ताण सांगतो. रात्रभर रंध्रं मिटलेली असल्याने तेव्हा पानातला ताण मुळांभोवतीच्या मातीशी बराचसा जुळलेला असतो. दुपारचा आकडा एकटा घेऊ नये. रंध्रं मिटून घेणाऱ्या झाडात तो ओल्या आणि कोरड्या काळात सारखाच निघतो आणि सगळं आलबेल वाटतं.

पानगळीचा ढीग दिसला की पुढच्या काही आठवड्यांत नवी फूट येते का ते दुर्बिणीने पाहावं. फूट आली तर तो ऋतू आहे. निष्पर्ण झाड लगेच मृत म्हणून नोंदवू नये. साल नखाने किंवा सुरीने खरवडून खालचा थर हिरवा-ओला आहे का ते बुंध्यावर दोन-तीन बाजूंनी तपासावं आणि पुढच्या फेरीत पुन्हा बघावं.

पाऊस परतला म्हणून मोजणी बंद करू नये. २०१५-१६ नंतर तापाजोसच्या परिसरात निव्वळ दुष्काळ सोसलेल्या, आग न लागलेल्या जंगलांत मृत्युदर ३६ महिने आधीपेक्षा चढाच राहिला, जळालेल्या जंगलांत ३० महिने. दुष्काळ संपल्यापासून किमान तीन वर्षं, दर काही महिन्यांनी, त्याच झाडांकडे परत जावं लागतं.